गोटी तोंड उघडेना

माझ्या धाकट्या भावाचं सलून आहे. हातात कात्री घेतली की तो मुका होतो. गल्ल्यावर मी बसते आणि त्याच्या वाटचंही बोलते. त्याची मुलगी गोटी, वय वर्षं चार. तिची दाढ किडली, पोर एकाच बाजूने जेवायला लागली आणि दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. तेव्हा तिची समजूत काढायचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं.

डॉक्टरीणबाई नुसतं बघतात, काही म्हणजे काही दुखत नाही, असं मी तिला छान पटवत आणलं होतं. तेवढ्यात भावाने कात्री खाली ठेवली.

"ताई, असं नको सांगूस," तो म्हणाला. "दुखलं तर पुढच्या वेळी ती आपल्याला काही विचारणारच नाही."

मला राग आला. पोरीला आधीच घाबरवून ठेवायचं म्हणजे शहाणपणाची कमालच झाली, असं मी त्याला सुनावलं. भावजय कामावर निघाली होती. चपला घालता घालता तिनेही नवऱ्याचीच री ओढली. मग मी गाल फुगवून गल्ल्यावर बसले.

पण त्याने पुढे जे आरंभलं ते बघण्यासारखं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो गोटीला मोठ्या खुर्चीत बसवायचा. "आता खुर्ची मागे जाणार" असं आधी सांगायचा आणि मगच खटका ओढायचा. टॉर्च आधी तिच्या हातात द्यायचा, मग तोंडात मारायचा. केस कापायच्या मशीनची घरघर कळावी म्हणून ते सुरू करून पात्याच्या उलट्या बाजूने तिच्या नखावर टेकवायचा. मग स्वतः आडवा होऊन आ करायचा आणि गोटी त्याच्या तोंडात डोकावून एकेका दाताला नावं ठेवायची. एकदा दाढी करायला आलेले एक गृहस्थ हा तमाशा बघत दारातच थबकले, तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली. माझा राग कधी गेला ते मलाच कळलं नाही. दुखेल का, असं गोटी रोज विचारायची. त्याचं उत्तर रोज तेच. थोडं दुखेल, मी तिथेच असेन, तुला कुणी धरून ठेवणार नाही. इतका धीर मला सात जन्मांत जमला नसता.

दवाखान्यात गोटी ऐटीत शिरली आणि आपण होऊन खुर्चीत चढली. मी मनात म्हटलं, गड सर झाला. मदतनीस मुलीने तिच्या गळ्यात कागदी रुमाल बांधला, डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि गोटीने ओठ गच्च मिटून घेतले.

गोड बोलून झालं, गुदगुल्या करून झाल्या, ती ढिम्म. बाई भल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. गालावर सूज चढायला लागलीय, आज दाढ साफ झाली नाही तर मोठ्या रुग्णालयात नेऊन भूल द्यावी लागेल. नाहीतर दोघींनी हातपाय धरायचे, थोडक्यात आटपेल. मदतनीस मुलगी पुढे सरकली. मीही बाह्या सावरल्या होत्या.

"तिला कुणी हात लावायचा नाही," भाऊ म्हणाला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

तो गोटीकडे बघत राहिला. ताठ मान, नजर समोर, हात मांडीवर. घाबरलेलं पोर असं बसत नाही. असं आमच्याकडे गिऱ्हाईक बसतं. गळ्यात कापड आलं की मान हलवायची नाही आणि तोंड उघडायचं नाही, नाहीतर केस तोंडात जातात. गोटीला हे पहिल्यांदा केस कापले तेव्हापासून पाठ. सरावाच्या वेळी केस कापायचे नव्हते, म्हणून कापड घालायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

भावाने रुमालाची गाठ सोडली. गोटीने ताबडतोब आ केला, इतका मोठा की बाईंना हसू आलं. आम्ही तिला हट्टी ठरवून मोकळे झालो होतो, आणि ती बिचारी आम्हीच शिकवलेलं जिवापाड पाळत होती.

बाईंनी यंत्र उचललं. दुखलं तर हात वर कर, मी थांबेन, असं त्या म्हणाल्या. गोटीने बापाकडे पाहिलं.

"करून बघ," तो म्हणाला.

यंत्र दाढेला लागायच्या आतच हात वर गेला. बाई थांबल्या. पुन्हा यंत्र सुरू, पुन्हा हात वर. बाई पुन्हा थांबल्या. बाहेर माणसं खोळंबली होती. 'आता धराच तिला' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण भावाचा चेहरा बघून मी ते गिळलं. मग मात्र यंत्र खरंच दाढेला लागलं. गोटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि हात वर गेला.

बाई थांबल्या. गोटीने बाईंकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. मग डोळेसुद्धा न पुसता तिने आपला हात आपणच खाली घेतला आणि पुन्हा आ केला.