साहेबांच्या कडेला उभी असलेली बाई

मित्रांनो, मी एक जुना, काळा-पांढरा फोटो आहे आणि माझ्यात एक फार मोठे पुढारी आहेत. त्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत. नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही मला बघायचं सोडून त्यांच्या पक्षावरून भांडत बसाल. माझ्यासमोर बसून तेच करणारी माणसं मी चाळीस वर्षं पाहिली आहेत.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आष्टीकडच्या एका रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. बायका रांगेनं बसून खडी फोडत होत्या. साहेब पाहणीला आले, सोबत नगरचा एक फोटोग्राफर. साहेबांनी पाच-सहा वर्षांच्या एका पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाव विचारलं. पोरीनं वाटपाची सुकडी तोंडात कोंबलेली. तिनं गाल फुगवून नुसतं बघितलं. साहेब उत्तराची वाट बघत थांबले आणि तेवढ्यात मी झालो.

पोरीचं नाव गीता. साहेबांच्या दुसऱ्या अंगाला, अगदी माझ्या कडेला, तिची आई उभी आहे. डोक्यावर पदर, हातात हातोडा. बाकी सगळे साहेबांकडे बघताहेत, ती तेवढी पोरीकडे बघते आहे. पोरगी आता काय बोलते, या काळजीनं तिच्या ओठांवर जे आलं होतं ते हसू की भीती, मलाही कधी कळलं नाही.

फोटोग्राफर भला माणूस. त्यानं एक प्रत मायलेकींसाठी मुकादमाकडे पाठवून दिली. पुढं दोन वर्षांत गीताची आई तापानं गेली. तिचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. लग्नात गीतानं मला लुगड्याच्या घडीत घालून सासरी आणलं.

सासरी माझं नशीब फळफळलं. गीताबाईंचे मालक अर्जुनराव यांना पुढारपणाची हौस. पंचायत समितीचं तिकीट त्यांना तीनदा मिळता मिळता राहिलं. त्यांनी मला काचेची चौकट केली, बैठकीत लावलं आणि आल्यागेल्याला दाखवू लागले, “ही आमची मंडळी. साहेबांनी सोता डोक्यावर हात ठिवलाय.”

“अन् ही कडंची बाई कोण?” एखादा विचारायचा.

“आसंल कोणीतरी. कामावरली.”

आत चहा गाळणाऱ्या गीताबाईंचा हात थांबायचा. मला भिंतीवरून स्वयंपाकघराचं दार दिसायचं. मग चहा यायचा, थोडा थंड.

पुढं साहेब वारले. अर्जुनराव झेंडूचा हार घेऊन आले.

“अवो, जित्या माणसाच्या फोटूला हार घालतेत का कुठं? मी हाय न त्यात!” गीताबाई कळवळल्या.

अर्जुनरावांनी नीट विचार केला. राजकारणात एवढा केला असता तर तिकीट मिळालं असतं. “मग तुला सोडून घालू. साहेब गेले. तुझी माय बी गेलेली हाय. त्या अंगानं सोडू हार.”

आईला हार घालायची परवानगी गीताबाईंना पहिल्यांदाच मिळाली होती.

तेव्हापासून पुण्यतिथीला हार घालायचे अर्जुनराव, आणि दर अमावस्येला गीताबाई. जुना हार उतरायच्या आत नवा तयार असायचा. फुलं ताजी राहावीत म्हणून त्या वरून पाणी शिंपडायच्या. ते पाणी चौकटीच्या फटीतून आत उतरायचं. मला समजत होतं. पण फोटोत तोंडं कितीही असली तरी त्याला बोलता येत नाही.

यंदा दिवाळीत नात आरोही कॉलेजच्या सुट्टीत बीडहून आली. गीताबाईंनी तिला एकटीला गाठलं. “ह्यातली कडंची माझी माय, तिचा नुसताच मोठा फोटू करून देतीस का? निराळा लावीन म्हणते.”

“आज्जी, ही तुझी आई हाय? मग आबा कामावरली बाई कावून म्हणतेत?”

“खडी फोडणारी सासू कोण सांगतंय, बाई?”

आरोहीनं हार उतरवला. खाली पदर होता, हातोड्याचा दांडा होता. चेहऱ्याच्या जागी शिळ्या भाकरीवर बुरशी येते तसा पांढरा डाग होता, काचेला घट्ट चिकटलेला.

आष्टीत जलालुद्दीनभाईंचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. त्यांनी चौकट मागून उघडली, पातळ सुरी लावून पाहिली आणि हात मागं घेतला. “बाई, ओढलं तर हाय तेबी जाईल. ह्याच्यावर पानी कोन सोडत होतं?”

“मी,” गीताबाई म्हणाल्या.

जलालुद्दीनभाई बराच वेळ काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती. मग म्हणाले, “कंप्यूटरवर चेहरा बनवून देतो. तुमी सांगा, नाक कसं होतं, डोळे कसे होते.”

“नाक...” गीताबाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, “नाक...” आणि आरोहीचा दंड धरून स्टुलावर बसल्या. “मला आठवती ती ह्या फोटूतलीच माय. अन् इतकी वर्सं मी नुसती फुलंच बघत व्हते.”

“मग अंदाजानं करू?”

“नगं. दुसऱ्याच बाईला माय म्हणून हात जोडू काय?”

पाणी कडेनं शिरलं होतं, त्यामुळे साहेब ठणठणीत होते.

मित्रांनो, फोटोला ओला हार घालू नका, त्याला ओल्या भिंतीवर टांगू नका, ही माझी विनंती. पण ती दुसरी. पहिली अशी, की घरातल्या जुन्या फोटोत कडेला कोण उभं आहे ते आजच विचारून घ्या. मधल्या माणसाची काळजी नको. त्याचे फोटो आणखी हजार घरांत असतात.

दुकानातच आरोहीनं मला हळूच पालथं केलं आणि पेन उघडलं. “आज्जी, नाव सांग.”

“धुरपदा.”

“पूर्ण सांग ना.”

“पूर्ण नावानं तिला कोणी हाकच मारली न्हाई.”

मग आरोहीनं माझ्या पाठीवर लिहिलं : धुरपदा, गीताची आई.

शाई ओली होती. गीताबाईंनी अक्षरांवरून फिरवायला बोट पुढं केलं, आणि न लावताच मागं घेतलं.