वळणावरची टाचणी

लेसची कांडी बोटांतून निसटली होती आणि विणायच्या लोडाच्या कडेवरून लोंबत, आपल्याच दोऱ्याभोवती संथपणे गरगरत होती — चेरीच्या लाकडाची, मधोमध झिजून बारीक झालेली. त्या झिजेत अल्बिनाच्या आईचा अंगठा होता, आईच्या सासूचा होता आणि जन्मभर खुद्द अल्बिनाचा. गरगरू दे. उचलायची ती उजव्या हातानेच, हा नियम तिचा तिने घातलेला होता, आणि उजवा हात मांडीवर पडून होता — गेल्या शरदात पक्षाघाताचा झटका आला त्या सकाळपासून तो असाच, सांगितलेलं ऐकायचं आणि आपल्या सवडीने करायचं, एखाद्या उद्धट मोलकरणीसारखा.

‘रोज थोडं थोडं करायचं, आजी. घाई नाही.’ इस्पितळातली ती व्यायाम शिकवणारी पोरगी, केसांना निळा रंग लावलेली. रोज थोडं थोडं! हे तू मला सांगतेस? या इद्रिया गावात निम्म्या घरांतल्या मुली माझ्या हाताखाली लेस विणायला शिकल्या. रोज सकाळी, शाळेच्या आधी, थोडं थोडंच. पण त्यांतल्या एकीलाही मी घाई नाही असं म्हटलं नाही. घाई असते. ज्याच्याकडून कुणालाच काही नको असतं, त्याला घाई नसते.

आता तिच्यापुढे होती ती नागमोडी पट्टी — पहिल्या वर्गातल्या पोरी विणतात ती. कॉफी झाली की खिडकीशी बसायचं, लोड टोपलीत नीट टेकवायचा, आणि चर्चची घंटा होईपर्यंत हलायचं नाही. फेर, पीळ, फेर, टाचणी — कांड्या एकमेकींवरून न्यायच्या, पिळायच्या, आणि लोडात टाचणी खोचून दोरा अडवायचा. आणि पाठीमागे, पांढऱ्या चादरीखाली, तिचा मोठा लोड: ईस्टरला वेदीवर चढायच्या वस्त्राची लेस, अर्धी झालेली, एका पाकळीच्या मध्यावर थांबलेली. त्या चादरीकडे ती पाठ करूनच बसे. पाठीला मात्र ती चादर दिसत असे.

हात नाही म्हणतो याचा तिला संताप नव्हता. हात हा नोकर, त्याला वठणीवर आणता येतं. संताप होता तो कौतुकाचा. सकाळीच मातेव्झ, तिचा मुलगा, कामावर जाताना वाकून बघून गेला होता — ‘वा, आई! काय सुंदर झालंय गं!’ सुंदर... कड दातेरी, दोरा जागोजागी सैल, आणि सुंदर! त्याला लेसमधलं ओ की ठो कळत नाही, ते सोडा. पण हाच मातेव्झ लहानपणी जिन्याची एक पायरी जरी न घासता सोडी, तरी मी त्याला पुन्हा बादली घ्यायला लावत असे, आणि तो घेत असे, कारण त्याला ठाऊक होतं की आईची अपेक्षा आहे. अपेक्षा संपली की माणसं सुंदर म्हणू लागतात. मेलेल्याला नाही का सगळेच चांगला म्हणत.

मग त्सिल्का आली. चर्चचं सगळं पाहते ती, अल्बिनाच्याच वयाची, अक्रोडाच्या पोळीचा तुकडा रुमालात बांधून आणलेला — आजाऱ्याकडे नेतात तसा.

‘अगं, किती छान विणतेस! आणि बरं का अल्बिना, त्या वेदीच्या वस्त्राची काळजी सोड. उरलेलं आम्ही मिळून करतो. रविवारी लोड न्यायला येते, मातेव्झशी बोललेय मी. आयुष्यभर केलंस, आता आराम कर.’

‘माझं आयुष्य संपल्याची खबर तुला कुणी दिली?’

‘घ्या! काही म्हणायची सोय नाही हिला. अगं, ईस्टर काही तुझ्या बोटांसाठी थांबायचा नाही.’

‘मग तुझ्या बोटांनी करणार? तुझी पाकळी बघितलीय मी, त्सिल्का. कोबीचं पान दिसतं.’

‘देवाला चालतं कोबीचं पान,’ त्सिल्का हसली, रुमाल टेबलावर ठेवून उठली, आणि जाताना तिने अल्बिनाच्या उजव्या हातावर थोपटलं. थोपटलं!

मातेव्झशी बोललेय. म्हणजे ठरलेलं होतं. म्हणजे दार्यालाही — तिच्या सुनेलाही — ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता. बटाट्याचं पुरण भरून त्या कानाच्या आकाराच्या चिमुकल्या करंज्या उकडायच्या असल्या की दार्या सकाळपासून पीठ लाटायला घेते. सगळं ऐकलं असणार तिने, आणि एका शब्दाने बोलली नाही. गेले कित्येक महिने ती या पट्टीबद्दल एका शब्दाने बोललेली नव्हती. निदान खोटं तरी नाही बोलत, असं अल्बिना आधी म्हणे. आज तिला ते मौनही थोपटल्यासारखंच वाटलं.

समुद्राकाठची पोर ही. लग्न होऊन आली तेव्हा कांडी कुठल्या टोकाने धरतात हे ठाऊक नव्हतं. अल्बिनानेच शिकवलं तिला, शिकवायचं असतं तसं — चुलीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून. बघून शिकवतात ते पोरखेळ. लेस ऐकायची असते. सरळ पट्टीत कांड्यांची टकटक एकसारखी चालते. वळणावर मात्र आतल्या कडेच्या टाचणीपर्यंत जायचं नसतं, अलीकडूनच फिरायचं. बाहेरच्या कडेची वाट लांब, तिला जास्त फेरे लागतात — म्हणून तिथे एक टकटक लांब, एक आखूड. ते चुकलं तरी टाचण्या आहेत तोवर सगळं निमूट दिसतं. काढल्या की कड फुगते, मग काही करता येत नाही. ‘वळण चुकलं. उलगड,’ चुलीपासूनच ती म्हणे, आणि दार्या रडत रडत उलगडे. त्यात काही गैर होतं असं अल्बिनाला आजही वाटत नव्हतं. त्या रडण्यातूनच तो हात तयार झाला होता.

रविवारी. बरं. तिने डाव्या हाताने उजवा उचलून लोडावर ठेवला, जवळजवळ आपटलाच. आणि त्याने, कदाचित घाबरून, लोंबणारी कांडी धरली. फेर, पीळ, फेर. चल. कोबीचं पान म्हणे देवाला चालतं. टाचणी. फेर — थोपटते मला! — पीळ, फेर, टाचणी, आणि बोटं चालत होती, कुढत, अडखळत, पण चालत होती, आणि त्या चालण्याच्या नादात, रागाच्या नादात...

लाटण्याचा आवाज थांबला.

‘आई.’ दार्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. आवाज भिंतीकडे तोंड करून आलेला होता. ‘वळण चुकलं.’

अल्बिना थिजली.

‘तुला गं काय दिसतं तिथून?’

‘दिसत नाही. ऐकू आलं. आतल्या टाचणीपर्यंत गेलात तुम्ही.’ मग, अगदी कोरडेपणाने, ‘उलगडा.’

काय हा उर्मटपणा! माझ्या घरात, माझ्या खिडकीशी, मी जिला हात दिला ती मला — रक्त कानशिलांपर्यंत चढलं, जीभ उचलली गेली, आणि तशीच राहिली. कारण पोर खरं बोलत होती. तिने वाकून पाहिलं: वळणाच्या आतल्या कडेला दोऱ्यांची दाटी झालेली, टाचण्यांनी कशीबशी दाबून धरलेली. सरळ, निमूट, चुकलेली. सकाळपासून कुणालाच अशी चूक दिसली नव्हती. कुणी शोधलीच नव्हती.

‘त्सिल्काला लोड द्यायचं तुझ्या नवऱ्याने ठरवलंय,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘तुला विचारून?’

‘मला विचारलं असतं तर मी पट्टी आधी नीट होऊ दे म्हटलं असतं. अजून नीट नाहीये. उलगडताय ना?’

‘उलगडतेय! कान आहेत ना तुला? ऐक की!’

ती अजून रागावलेली होती, सकाळपेक्षाही जास्त. पण सकाळचा राग थंड होता, बसून राहिलेला, आणि हा मनगटात उतरत होता. मी उलगडते आहे, दार्या, माझा नाइलाज आहे म्हणून नव्हे... तिने वळणावरची टाचणी उजव्या हाताने धरली. सुटली. पुन्हा धरली. टाचणी निघाली, कड जराशी वर उचलली, पहिला पीळ सुटला, आणि कांडी कांडीवर आपटून एक लांब टकटक झाली, मग एक आखूड.

आत लाटण्याचा आवाज अजून सुरू झाला नव्हता.