कुलूप कोणी लावलं होतं

दुपारी सव्वादोन वाजता लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या दुसऱ्या मजल्यावरची, हॉल आणि व्हरांड्यामधली काचेची भिंत फुटली. फोडली क्लासच्या शिपाई सिंधुबाईंनी, स्वतःच्या बसायच्या लोखंडी स्टुलाने. आत बारावीच्या पोरांची क्लासची सराव परीक्षा चालू होती. "पळा रे, भुई हालायलीय," एवढंच त्या ओरडल्या. पोरं फुटक्या काचेतून बाहेर पडली आणि जिना उतरून रस्त्यावर आली. देगलूरच्या मनतशा नावाच्या मुलीचा तळहात कापला. बाकी काही झालं नाही. मागच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती. खाली खडक आला तशी जमीन गडगडत होती. भूकंप नव्हता.

हे २०११ सालचं. त्याच संध्याकाळी क्लासचे मालक व्यंकटराव सर यांनी फिर्याद दिली. मालमत्तेचं नुकसान, कलम ४२७. काचेवर मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो चिकटवलेले होते, ते पंचनाम्यात आले. हॉलच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, ते आलं नाही. पोलीस येईपर्यंत ते निघालेलं होतं. पोरं पाणी प्यायला म्हणून जातात आणि उत्तरं विचारून येतात, म्हणून परीक्षेपुरतं दार बाहेरून बंद करायची त्या क्लासची रीत होती.

सिंधुबाई औसा तालुक्यातल्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे त्या तान्ह्या आरतीला घेऊन ओसरीत झोपल्या होत्या. नवरा आणि थोरला मुलगा मधल्या खोलीत होते, आतून कडी लावून. सिंधुबाई बाहेरून दार ढकलत होत्या, तेवढ्यात माळवद, मातीचं ते जड छत, खाली आलं. पुढे पुनर्वसनात घर मिळालं. त्यांच्या गल्लीत बरेच जण कडी न लावताच झोपत. जमिनीतून आवाज आला की आधी दार मोकळं करायचं, हे तिथे कोणाला शिकवावं लागलं नाही.

खटला मोफत विधी सेवेकडून मिळालेल्या वकिलांनी, मुनीब यांनी घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्यांचा जीव वाचवायच्या प्रामाणिक समजुतीने केलेलं नुकसान गुन्हा ठरत नाही. पण त्यासाठी दार बंद होतं हे कोर्टापुढे यायला हवं. दार उघडं असेल तर काच फोडायचं कारण काय?

साक्षीला पोरं मिळेनात. कोणी पुण्याला गेलेलं, कोणाचे वडील फोन उचलत नव्हते. मनतशाचे वडील जावेद यांनी निदान उचलला. देगलूरच्या बाजारात त्यांचं कपड्याचं दुकान होतं. "वकीलसाब, पोरगी मेडिकलला लागली. मावशीसाठी दुआ करतो," ते म्हणाले. "पण पोरीला कोर्टात उभी करू नका."

याच सुमारास व्यंकटराव सरांचा निरोप आला. तडजोड करू, केस संपवू. सिंधुबाईंनी फक्त लिहून द्यायचं की दार उघडं होतं, आणि भूकंपापासून आपलं डोकं ठिकाणावर नसतं. मायलेकी तोवर नांदेडला राहायला गेल्या होत्या. सिंधुबाई एका मेसमध्ये पोळ्या लाटत होत्या. आरतीला लातूरजवळच्या मुरुडहून स्थळ आलं होतं. मंडळी बरी होती, मुलगा शाळेवर होता.

"सही कर की आई. एका कागदानं सुटतीस," आरती म्हणाली.

"अन् मुरुडवाल्यांनी इचारलं तर? पोरीची आई याडी हाय म्हणून सांगू?"

"आता काय सांगायलीस? आरोपी हाय म्हणूनच ना?"

 सिंधुबाईंनी सही केली नाही. दार उघडं न्हवतं, एवढंच त्यांनी वकिलांना कळवलं.

मग एकच मार्ग उरला. सिंधुबाईंनी स्वतः पिंजऱ्यात उभं राहून साक्ष द्यायची. मुनीब यांनी बजावलं, "मावशी, इचारलं तेवढंच बोला. जास्तीचं बोलायला मी हाय, माझं पोट त्याच्यावरच हाय."

साक्षीच्या दिवशी आरती मागच्या बाकावर होती. मुनीब यांच्या प्रश्नांना सिंधुबाईंनी नीट उत्तरं दिली. दाराला बाहेरून कुलूप होतं, हे टाइप झालं. मग सरकारी वकील उठले.

"कुलूप होतं म्हणता. कोणी लावलं होतं?"

मुनीब यांनी हा प्रश्न तीन वर्षांत कधी विचारला नव्हता. सिंधुबाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"म्या लावलं."

"म्हणजे पोरं तुम्हीच कोंडली."

"हाव. परीक्षेला दर बारी मीच कोंडायचे. सरांनी दिलेलं काम हुतं. लावलं की किल्ली खाली सरांच्या टेबलावर ठिवायची."

"मग खाली जाऊन किल्ली आणता आली नसती?"

"आली असती. भूकंप न्हवता ना, साहेब. त्यो असता तर न्हाई."

"भूकंप नव्हता, हे तुम्हाला मान्य आहे?"

"आता हाय. तवा न्हवतं."

दंडाधिकाऱ्यांनी टायपिस्टला मजकूर सांगितला. आरोपीने हॉलच्या दाराला स्वतः कुलूप लावल्याचे कबूल केले.

 बाहेर आल्यावर मुनीब यांनी समजावून सांगितलं. कुलूप होतं, हे पहिल्यांदा रेकॉर्डवर आलं, हे चांगलं झालं. पण आता सर म्हणतील, बाईनं आपल्या मनानं लावलं, मला ठाऊक नव्हतं. पोरं कोंडल्याचं प्रकरण उलट तुमच्यावरच येऊ शकतं. सिंधुबाईंनी ऐकून घेतलं. खोटं बोलायला पायजे हुतं का, असं त्यांनी विचारलं. मुनीब यांनी पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिली.

बसस्टँडवर आरती आधीच पोचली होती. नांदेडच्या गाडीत तिने खिडकीतून रुमाल टाकून आईसाठी जागा धरली होती. स्वतः मात्र ती मागे, शेवटच्या सीटवर जाऊन बसली. सिंधुबाई रुमाल मांडीवर घेऊन बसल्या. अहमदपूर येईपर्यंत दोघींपैकी कोणी जागा बदलली नाही.

युक्तिवादाच्या आधी दंडाधिकाऱ्यांची बदली झाली. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मागच्या तारखेला, प्रभारी कोर्टापुढे, फिर्यादी गैरहजर होते. पुकारा झाल्यावर सिंधुबाईंनी हजर म्हटलं आणि पुढची तारीख घेतली. व्यंकटराव सरांनी क्लासची दुसरी शाखा काढली आहे. मुरुडच्या मंडळींनी होकार दिलेला नाही. नाही, असंही कळवलेलं नाही.