तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

पूजा झाली, तुळशीला पाणी घालून झालं, पोथीचा रोजचा अध्याय वाचून झाला, तरी घड्याळात जेमतेम आठ. सुगंधाकडे जायचं ते अकराला. वसुधानं पिशवीत चार पेरू टाकले, प्रसादाची खडीसाखर पुडीत बांधली आणि दिंडोशीच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मनातल्या मनात एक वाक्य म्हणून पाहत होती. "बरं, तू एवढं म्हणतेस तर येते." छे, हे उपकार केल्यासारखं वाटतं. "येते गं, सुगंधा." एवढंच बरं.

सुगंधा तिची शाळेपासूनची मैत्रीण. मालाडच्या एकाच चाळीत दोघी वाढल्या. लग्न होऊन सुगंधा बोरिवलीला नदीकाठच्या बंगल्यात गेली आणि वसुधा नंदकुमारांबरोबर दिंडोशीला. आता सुगंधाचे यजमान नव्हते, नंदकुमारही नव्हते. आषाढात सुगंधा जिन्याच्या पायरीवरून पडली, तेव्हापासून तिच्या मुलानं, देवेशनं, बंगळुरूहून धोशा लावला होता की एक तर माझ्याकडे ये, नाहीतर दिवाळीच्या आत खालच्या खोलीत कुणाला तरी राहायला ठेव. सुगंधाला बंगला सोडायचा नव्हता. श्रावणात तिनं फोन करून वसुधाला सरळ विचारलं, "तूच ये की. दोघी राहू."

वसुधाचा जीव सुपाएवढा झाला होता. तोंडातून मात्र निघालं, "अगं नको, तुला कशाला त्रास."

आईची शिकवणच तशी होती. पहिल्या बोलावण्याला धावू नये, दुसऱ्याला नको म्हणावं, तिसऱ्यांदा बोलावलं तर समजावं की समोरचा मनापासून म्हणतोय. या हिशेबानं वसुधा लोकांच्या घरी अर्धा कप चहाच प्यायली होती जन्मभर, कारण बहुतेक माणसं दोनदाच विचारतात. पण सुगंधा विचारेल. ती विचारेलच.

रिक्षा हायवे सोडून आत वळली तशी सावली सुरू झाली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि इथं मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जांभळं, बकुळी, एक भलामोठा पर्जन्यवृक्ष, त्याखाली कुणी तरी ठेवलेली शेंदूर फासलेली मूर्ती. वसुधानं रिक्षातूनच हात जोडले. निम्मे बंगले पडून टॉवर झाले होते. उरलेल्यांची फाटकं गंजली होती, पण फाटकांवर मधुमालती होती.

सुगंधा फाटकातच उभी होती, काठी टेकून.

"आली बाई! मला वाटलं रिक्षावाल्यालाही तू दोनदा नको म्हणाली असशील."

"काहीतरीच तुझं."

"चल, आधी नदीवर जाऊ. मग उन्हात पाऊल टाकवणार नाही."

बंगल्यामागच्या वाटेनं दोघी काठापर्यंत गेल्या. नदीला आता दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत होती आणि पाणी घोट्याएवढं. पलीकडच्या तबेल्याचा वास येत होता. पण वरच्या अंगाला, नॅशनल पार्कच्या बाजूला, झाडी तशीच दाट होती. याच काठानं पूर्वी भिक्षू कान्हेरीच्या लेण्यांकडे चढून जात, असं सुगंधाचे सासरे सांगायचे. त्यांनी इथं घर बांधलं तेव्हा संध्याकाळनंतर कुणी दार उघडं ठेवत नसे, बिबट्या पाण्यावर यायचा.

"बिबट्या अजून येतो," सुगंधा म्हणाली. "परवा शेजारच्या टॉवरच्या कॅमेऱ्यात दिसला. मी म्हटलं, ये बाबा, निदान तू तरी ये."

वसुधा हसली. आता विचारेल, असं तिला वाटलं.

"वसू, मी काय म्हणते. ती खोली अजून रिकामीच आहे. एका मुलीला दाखवलीय. गंधाली नाव. पार्कात फुलपाखरांवर काहीतरी शिकतेय, बरी वाटली. पण मी तिला हो म्हटलेलं नाही अजून. म्हटलं, आधी तुला विचारावं परत."

"अगं, माझी रोजची पूजा, सोवळं-ओवळं, पहाटेची आंघोळ. तुला उगाच त्रास." दुसऱ्यांदा म्हणून झालं. वसुधानं भिंतीवरची सिमेंटची पोपडी नखानं काढली.

सुगंधानं काठी घराच्या दिशेनं वळवली. "बरं," ती म्हणाली. "चल, जेवून घेऊ."

जेवणानंतर विचारेल. सुपारी कातरताना विचारेल, तिची सवयच आहे ती, महत्त्वाचं सगळं सुपारीवर बोलायचं. वसुधानं येताना खालच्या खोलीत डोकावून घेतलं. नदीकडे उघडणारी खिडकी. पूर्वेच्या भिंतीला एक कोनाडा, देव बसतील एवढा. तिथं समई कुठं ठेवायची तेसुद्धा तिच्या मनानं ठरवून टाकलं.

स्वयंपाकघरात सुगंधानं दोन पाट मांडले होते. गुडघ्यांची बोंब असूनही, वसुधासाठी. साधं वरण, भात, अळूची भाजी, घारगे.

"कांदा-लसूण कशात नाही हं," सुगंधा म्हणाली. "चातुर्मास पाळतेस ना अजून?"

"हो. आणि मी जेवताना बोलत नाही, माहीत आहे ना तुला?"

"अजून ते चालूच? घरी कुणाशी न बोलण्याचं व्रत करतेस तू? तिथं आहे कोण?"

खरं होतं ते. चार महिने मौन धरून जेवायचं हे व्रत तिनं तीन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला घेतलं, नंदकुमारांना बरं वाटावं म्हणून. सासूबाईंनी सांगितलेले नियम तिला पाठ होते. एकदा हात जोडून पहिला घास घेतला की शब्द नाही, हुंकार नाही, खूण नाही, मान हलवणंसुद्धा नाही. बोललं तर ताटावरून उठायचं, दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत पाण्यावर राहायचं, आणि त्या वर्षीचं व्रत तिथंच संपलं.

नंदकुमार बोलके गृहस्थ. आजारपणात तर जेवताना जास्तच बोलायचे. ऑफिसातले किस्से, मालवणातलं लहानपण, आणि मध्येच, "वसू, ऐकतेस ना?" ती ऐकत होती. घास गिळत होती आणि ऐकत होती. आश्विनात ते गेले. त्यांच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या एकाही जेवणाला तिनं त्यांना उत्तर दिलेलं नव्हतं. पुढच्या आषाढात तिनं व्रत परत धरलं. सोडलं असतं तर ते तीन महिने कशापायी गेले, याचं उत्तर कुणाला देणार होती ती?

दोघींनी श्लोक म्हटला. वसुधानं हात जोडले, पहिला घास घेतला.

सुगंधा एकटीच बोलत होती. अळूच्या पानांबद्दल, देवेशच्या बायकोबद्दल, गुडघ्याच्या डॉक्टरबद्दल. वसुधाला ते फार गोड लागत होतं. असं दुसऱ्याचं बोलणं ऐकत जेवून तिला तीन वर्षं झाली होती. रोज इथं असं जेवायचं. कार्तिकी एकादशीला तीन आठवडे उरलेत, मग तर बोलायचंही.

तेवढ्यात सुगंधाचा फोन वाजला. उजवा हात खरकटा, म्हणून तिनं डाव्या हातानं स्पीकर लावून तो जमिनीवर ठेवला.

"काकू, गंधाली बोलतेय. सॉरी हं, जेवत होता का? मी दहिसरला एक जागा बघतेय, एजंट समोर उभाय माझ्या. तो म्हणतो आत्ताच काय ते सांगा, दुसरी पार्टी खाली थांबलीय. मला तुमचीच खोली आवडलीय, काकू. पण तुमचं नक्की नसेल तर मला हे घ्यावं लागेल."

"एक मिनिट थांब हं." सुगंधानं फोनवर तळहात ठेवला आणि वसुधाकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "वसू. तिसऱ्यांदा विचारतेय. येतेस का?"

वसुधाच्या तोंडात घास होता. तिनं तो गिळला.

"बोलू नकोस. नुसती मान हलव. तेवढं चालत असेल ना?"

चालत नव्हतं. नियम नियमच. वसुधाच्या डोळ्यांसमोर वाटीतलं वरण होतं आणि त्यापलीकडे सुगंधाचा पाट, पण तिला दिसत होते ते नंदकुमार, उशांना टेकून बसलेले, वसू, ऐकतेस ना? त्यांच्यासाठी नाही हलली ती मान. आता स्वतःच्या खोलीसाठी, खिडकीसाठी, कोनाड्यासाठी हलवायची? तिला वाटलं, सुगंधा समजून घेईल. दहा मिनिटं थांब म्हणेल त्या मुलीला. माझं तोंड बघून तिला कळेल.

"काकू? आहात का?" फोनमधून आवाज आला.

सुगंधा अजून बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली, आणि ती नजर काढून घेताना वसुधाला दिसलं, की ती दुखावली आहे.

"हो गं बाळा," सुगंधा फोनमध्ये म्हणाली. "ये तू. खोली तुझी. शब्द दिला."

"थँक यू काकू! चार वाजेपर्यंत येते, सामान कुठं लावायचं ते बघून जाते."

फोन बंद झाला. सुगंधानं भाताचं भांडं पुढं ओढलं. "वाढू का?" ती म्हणाली, मग स्वतःच, "अगं हो, तू कशी सांगणार," आणि अंदाजानं वसुधाच्या ताटात चमचाभर भात वाढला. तूप वाढताना धार ताटाच्या कडेवर गेली.

"येते गं, सुगंधा," वसुधा म्हणाली.

सकाळपासून घोकलेलं वाक्य. ते इतक्या हळू निघालं की तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. पण सुगंधाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"काय म्हणालीस?"

"येणार होते. श्रावणातच येणार होते."

"मग बोलली का नाहीस तेव्हा? आत्ता नदीवर उभी होतीस, तेव्हा काय तोंडात घास होता?"

वसुधानं जमिनीला हात टेकला आणि उठली. ताटात भाताचा ढीग तसाच, घारग्याचा एक तुकडा मोडलेला.

"आता ही कुठं निघालीस? बस. जेव आधी."

"बसता येत नाही गं. बोलले ना मी."

सुगंधानं कपाळावर डावा हात मारून घेतला. "देवा! अगं वेडे, मोडायचंच होतं तर एक मिनिट आधी मोडायचंस!"

वसुधा मोरीवर हात धूत होती. पाण्याचा आवाज येत होता म्हणून तिला रडून घेता आलं. मागून सुगंधा म्हणाली, "मी करते तिला फोन. सांगते, चुकलं माझं."

"नको. शब्द दिलास तू. आणि त्या मुलीनं दहिसरची जागा सोडली असेल आत्तापर्यंत. कुठं जाईल ती?"

"आणि तू कुठं जाशील?"

"मला घर आहे की."

सुगंधानं स्वतःचंही ताट तसंच सारलं, पण जेवण टाकायचं तिच्यानं होईना, म्हणून ते झाकून ठेवलं. मग दोघींनी मिळून भांडी आवरली. सुगंधा सुपारी कातरायला बसली आणि वसुधाला द्यायला हात पुढं करून मध्येच थांबली. आज हिला सुपारीही चालणार नाही. तिनं ती स्वतःच्या तोंडात टाकली. गुडघ्यांनी आज फार सोसलं होतं, दोन गोष्टी बोलता बोलता तिला कोचावरच झोप लागली.

वसुधा खालच्या खोलीत गेली. केरसुणी दाराआड होती. तिनं खोली झाडून घेतली, खिडकीची काच पदरानं पुसली, कोनाड्यातलं जळमट काढलं. कामाला हात सवयीचे होते, मन लागलं नाही तरी चालत होतं. खिडकीतून नदीवर एक बगळा दिसत होता, भिंतीच्या सावलीत, एका पायावर.

चार वाजून गेल्यावर फाटक वाजलं. पाठीला मोठी सॅक, हातात कुंडी, घामानं केस कपाळाला चिकटलेले. चोवीस-पंचवीसची असेल मुलगी. वसुधानं ओठांवर बोट ठेवून सुगंधा झोपल्याचं दाखवलं आणि तिला आत घेतलं.

"अय्या, झाडून पण ठेवलीत खोली!" गंधाली कुजबुजली. "काकू, तुम्ही पण इथंच राहता का? मला माहीतच नव्हतं. बरं झालं, मला जरा भीती वाटत होती, कुणी बोलायला असेल की नाही म्हणून."

"नाही गं," वसुधा म्हणाली. "मी आपली भेटायला आले होते."

तिनं पिशवीतले पेरू काढून खिडकीत ठेवले, तीन सुगंधासाठी, एक मुलीसाठी. खडीसाखरेची पुडी मुलीच्या हातावर ठेवली. मग चपला घालून, फाटक आवाज न करता ओढून घेऊन, ती झाडांखालून हायवेच्या दिशेनं चालू लागली. पर्जन्यवृक्षापाशी तिनं मूर्तीपुढं हात जोडले. काय मागायचं ते सुचेना, म्हणून तशीच थोडा वेळ उभी राहिली.