वजीराचा कान

कॉमिक्स म्हणजे पोरासोरांचं काम, असं म्हणणाऱ्या माणसाला मी दुकानाची पायरी चढू देत नव्हतो. आजही देणार नाही. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात जीप उभ्या राहतात त्याच्या समोर माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, आणि डाव्या भिंतीला फळ्यांवर चारशे कॉमिक्स भाड्यानं द्यायला. लोक म्हणायचे, शिवहारचं घड्याळात ध्यान नाही. बराबर म्हणायचे. घड्याळात काय असतं, तेच ते बारा आकडे.

मी सांगतोय ती गोष्ट 'गुप्तदल'ची. हिंदी कॉमिक होतं, दिल्लीहून निघायचं. पाच हेर, पाचांच्या तोंडावर काळे मुखवटे. लोहिता नावाची बाई हातानं रेल्वेचा रूळ वाकवायची. शिखर पहाडावरून उडी मारायचा. गूंजच्या आवाजानं काचा फुटायच्या. पारा दाराच्या फटीतून वाहत जायचा. आणि या चौघांचा म्होरक्या वजीर. त्याच्याकडं शक्ती कोणतीच नव्हती, नुसतं डोकं. मी अडतीस वर्षांचा बाप्या, पण त्याचं पान उघडलं की माझ्या अंगावर काटा यायचा. खोटं कशाला सांगू?

अंक हिंगोलीच्या बसस्टँडवर यायचे. आमचा जीपवाला गुलाबसिंग घेऊन यायचा, पण आणता आणता रस्त्यात जीप थांबवून स्वतः आधी वाचायचा. मागं चौदा माणसं घामाघूम, आणि हा स्टेअरिंगवर पुस्तक ठेवून बसलेला. त्यावरून आमचं कितीदा तरी वाजलं.

मी चार-चार अंक दाभणानं शिवून, खाकी पुठ्ठा लावून बांधायचो. शेवटी वहीची कोरी पानं शिवायचो. माझा नियम असा, की पुस्तक परत करताना त्या पानांवर आपलं मत लिहायचं, तरच पुढचं मिळणार. 'छान आहे' एवढं लिहिलं तर मी परत पाठवायचो. छान काय? काहून छान? पोरं रडकुंडीला यायची, पण लिहायची. त्यामुळं गुप्तदलावर आमच्या गावात जेवढा खल झाला तेवढा दिल्लीत पण झाला नसेल.

आता माझं दुखणं सांगतो. प्रत्येक अंकाच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचं एक पान असायचं. इंदूर, पाटणा, नागपूर, कुठकुठली नावं. सहा वर्षं मी त्या प्रकाशनाला पत्रं लिहिली, वेगवेगळ्या मालिकांवर. एक छापलं नाही. आमच्याच भागातल्या हट्टा गावच्या कुणा माणसाचं दोन ओळींचं पत्र छापून आलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मला फक्त एकदा माझं नाव आणि त्याच्याखाली गोरेगाव असं छापलेलं बघायचं होतं. बाकी कसली हाव नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर बारावा अंक आला. त्यात जाहीर केलेलं होतं की मालिका संपणार. बारा अंक आणि शेवटचा तेरावा मिळून एक जाड संग्रह निघणार. आणि पुढं असं लिहिलेलं, की पाचांपैकी एकाला शत्रूनं मधेच पळवलंय, त्याच्या जागी आपला माणूस बसवलाय. तो कोण, कोणत्या अंकापासून आणि तुम्ही कसं ओळखलं, ते कळवा. सगळी खूण चित्रात आहे. सगळ्यात चांगलं एकच मत संग्रहाच्या पहिल्या पानावर छापू, नावगावासकट.

झालं, गाव पेटलं. गुलाबसिंगनं लिहिलं, पारा. का, तर जो हातात धरता येत नाही त्याच्यावर भरोसा कसा ठेवायचा. प्रभू मास्तरांनी दीड पान भरून लोहिता ठरवली, बाईला फितवणं सोपं असतं म्हणे. हिंगोलीच्या कॉलेजात जाणारी अंजली ते वाचून अशी भडकली, की तिनं मास्तरांच्या दीड पानाखाली अडीच पानं लिहिली. मास्तर तिच्या घरावरून जायचे बंद झाले. मी गूंजवर होतो. वजीराचं नाव कुणीच घेतलं नाही. घरातल्या कर्त्या माणसावर कोण संशय घेतो?

मी गूंजविरुद्ध पत्र लिहायला बसलो होतो, त्या दिवशी बाजार होता. चांगुणामावशी माझ्या पायरीवर येऊन बसली. साठी उलटलेली बाई, शेजारच्या वाडीची, ऐंशी मेंढरांची मालकीण. बाजार झाला की जीप भरेपर्यंत माझ्याच पायरीवर बसायची. मी पण काम नसलं की तिच्या बाजूला जाऊन टेकायचो, ती पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा द्यायची. अक्षर एक येत नव्हतं तिला.

"त्या चित्राच्या चोपड्या दे की बघायला," ती म्हणाली.

"थुंकी लावून पानं उलटू नको," मी म्हणालो आणि तिन्ही बांधीव पुस्तकं तिच्यापुढं टाकली.

तासभर ती बघत होती. गुलाबसिंगची एक जीप भरून गेली तरी उठली नाही. मग म्हणाली, "शिवहार, ह्यो माणूस मधीच बदलला काहून?"

"कोण?"

तिचं बोट वजीरावर. मला हसूच आलं. म्हणालो, "मावशी, सगळ्यांचे मुखवटे सारखेच. तुला काय कळणार?"

"मुखवटा दे सोडून. कान बघ." तिनं दुसरं पुस्तक उघडलं. "ह्याच्या डाव्या कानाला खाच हाय. पह्यल्या चोपडीत मागून हाय. हितपस्तोर मागूनच. आन् हितून पुढं वरून. माझ्या मेंढरांच्या कानाला मागून खाच, सटवाजीच्या मेंढरांच्या कानाला वरून. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले तरी आमी येगळे काढतो का न्हाई? ह्यो दुसऱ्याच्या कळपातला हाय, बाबा."

दुसऱ्या अंकात वजीराच्या कानाला गोळी चाटून गेली होती, हे मला पाठ होतं. पण खाच कुठल्या बाजूला पडली? मी पुस्तकं ओढली आणि घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं. तिसऱ्या अंकात मागून. चौथ्यात मागून. पाच, सहा, मागून. सातव्याच्या नवव्या पानावर वजीर बोगद्यातून एकटा बाहेर येतो, तिथून वरून. आठव्यात वरून. बाराव्यापर्यंत वरून. तीळभर खाच, पण एका चित्रात चूक नाही.

हे अंक मी चाळीस-चाळीस वेळा वाचले होते. मास्तरांनी वाचले, अंजलीनं वाचले, सगळ्या गावानं कागद काळे केले. आणि एक बाई तासाभरात पायरीवर बसून सांगून मोकळी झाली. ती शेंगा फोडत होती.

"मावशी, तू बस, मी पत्र लिहितो," म्हणून मी आत पळालो. ती काहीतरी बोलत होती, पण मला कुठलं ऐकू येतंय. अर्ध्या तासात पत्र लिहून झालं. शेवटी नाव लिहायची वेळ आली आणि पेन थांबला.

मी मनाला काय काय सांगितलं ते ऐका. तिला वाचता येत नाही. तिला त्याचं काय. खाच दाखवली तिनं, पण अंक, पान, सगळं जुळवून मांडलं कुणी? दिल्लीवाले मेंढरं राखणारीचं ऐकणार आहेत का? बाहेर हॉर्न वाजला, ती जीपमध्ये चढून गेली. मी लिहिलं, शिवहार मिटकरी.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आमचा जिल्हाच बदलला, परभणीचा हिंगोली झाला. त्याच उन्हाळ्यात रजिस्टर पार्सलनं संग्रह आला. असला जाड, वर चकचकीत पुठ्ठा. पहिल्या पानावर माझं पत्र, जसंच्या तसं. जीप स्टँडवर सगळा घोळका जमला. प्रभू मास्तरांनी खुर्चीवर उभं राहून ते पत्र नावापर्यंत मोठ्यानं वाचलं. "शिवहार, कान बघितलास रे, कान," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गुलाबसिंगनं स्टँडभर चहा पाजला. अंजली म्हणाली, "काका, मला तुमच्याकडून बघायला शिकायचंय." मला तो चहा कडू लागला.

बाजारच्या दिवशी चांगुणामावशी आली. तिला कुणीतरी सांगितलंच होतं की दिल्लीचं पुस्तक आलंय. पायरीवर बसली आणि हात पुढं केला. मी संग्रह दिला आणि फळीजवळ जाऊन उभा राहिलो. उगाच पुस्तकं सारखी करत.

"ह्योच निघाला ना?" तिनं विचारलं.

"हो, वजीरच. तुझं कानाचं बराबर निघालं."

"कान म्या मागून पाह्यला," ती म्हणाली.

मला कळेना. "मागून म्हणजे?"

"आधी हे चौघं पाह्यले. तवाच सांगून राहिले होते, तू आत पळालास." तिनं पान माझ्याकडं वळवलं. "हे बघ, ह्या अंकापस्तोर पाची जण कसे खांद्याला खांदा लावून हायेत. आन् हितून पुढं बघ. चौघं एकमेकाला खेटून, आन् ह्यो हातभर लांब. परकं मेंढरू कळपात आलं का बाकीचे त्याला मारत न्हाईत, हाकलत न्हाईत. निस्तं अंग काढून घेत्यात. ते दिसलं, म्हणून मंग म्या कान पाह्यला."

मी लांबूनच मान वाकडी करून बघितलं. सातव्या अंकापासून पुढं जिथं जिथं पाचही जण एका चित्रात होते, तिथं तिथं चौघं एकत्र आणि वजीर बाजूला. त्याच्या नि त्यांच्या मधे नेहमी एक फट, मागची भिंत दिसेल एवढी. ती भिंत मी शंभर वेळा बघितली असेल. काय नजर होती त्या बाईची.

तेराव्या अंकात लोहिता म्हणते, आम्हाला कधी संशयसुद्धा आला नाही. मी ते मावशीला सांगितलं.

"मंग लिवणारानं खोटं लिवलं," ती शांतपणे म्हणाली. "त्यायच्या अंगाला ठाव होतं. मेंढरायला बी ठाव असतं, त्यायला सांगता येत न्हाई एवढंच."

एवढी मतं वाचली मी त्या पुस्तकावर, शेकड्यानं वाचली. त्या पाच माणसांबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं, ज्यानं ती लिहिली त्यानंसुद्धा नाही. आणि माझ्या पत्रात यातलं काहीच नव्हतं. मी तिच्याकडून एक खाच उचलून पळालो होतो. पहिल्या पानावर जे छापलं होतं ते अर्धं होतं, आणि ते अर्धंही माझं नव्हतं.

मावशीनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं बघितलं.

"एरवी तू हितं माझ्या बाजूला येऊन बसतोस," ती म्हणाली. "आज मघापसून तिकडं भिताडाला चिकटून हायेस. काय केलं रं लेकरा?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सांगितलं. "मावशी, पत्रावर मी माझं नाव घातलं. ओळखलं तू, आणि छापून आलोय मी. सहा वर्षं वाट बघितली होती, राहवलं नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. गुलाबसिंगनं हॉर्न दिला, तिनं त्याला हातानंच थांब म्हटलं.

"ये, बस हितं," तिनं पायरीवर हात ठेवला.

मी बसलो.

"आता मला वाचून दाखव, काय लिवलंस ते."

मी हिंदीतलं पत्र मराठी करत वाचलं. सातवा अंक, नववं पान, डावा कान, मागून खाच, वरून खाच. ती मान हलवत ऐकत होती. नावापाशी येऊन मी थांबलो आणि पुस्तक मिटायला लागलो.

तिनं पानावर बोट ठेवलं. "हे राह्यलं."

"मावशी, इथं तुझं नाव वाचतो मी."

"न्हाई. जे हाय तेच वाच."

मग मी वाचलं. शिवहार मिटकरी, घड्याळ दुरुस्ती, गोरेगाव, जिल्हा परभणी. सहा वर्षं ज्या ओळीसाठी झुरलो, ती मी मोठ्यानं तेवढी एकदाच वाचली. मावशी "बरं" म्हणाली, पिशवी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसली.