तांबड्या खुणेची बाटली

उंदराचा कुणी हेवा करतं का? प्रयोगशाळेचं पिंजराघर सांभाळणारा हा गडी करायचा. तांबड्या खुणेच्या पिंजऱ्यातला तो लठ्ठ नर ज्या मादीपाशी सोडावा, तिला महिन्याच्या आत पिल्लं. आणि याच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता.

उंदीर परवडला, पण साडू! धाकट्या मेहुणीचा नवरा. दोन पोरं अंगणात, तिसरं वाटेवर. वर शहाणपणा असा, की चार वर्षांपूर्वी त्यानंच झाडपाल्याच्या चूर्णाचा डबा आणून दिला. "मला गरज नाही, पण तुम्ही घ्या, साडूबुवा," असं सासऱ्यांसमोर म्हणाला. याच्या अंगाची लाही लाही झाली. तरी सकाळ-संध्याकाळ चमचाभर चूर्ण कधी चुकलं नाही. गरजवंताला अक्कल नसते.

प्रयोगशाळेत उंदरांना दोन बाटल्यांतून डोस जायचे, तांबड्या आणि निळ्या. कशात काय आहे ते फक्त प्रयोग करणाऱ्या बाईंना ठाऊक. मोजणाऱ्याचं मन एकीकडे कलू नये म्हणून तशी रीतच होती. पण पिल्लं काय झाकून राहतात? निळे पिंजरे ओस, तांबडे भरलेले. यानं गुपचूप तांबड्या बाटलीतलं घोटभर प्यायला सुरुवात केली. आणि पिंजराघराचा नियम अंगात मुरलेला: एका जनावराला एकच औषध. म्हणून घरचा डबा बंद केला.

दोन महिन्यांनी बाईंनी कोणत्या बाटलीत काय ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. "तांबड्यात नुसतं पाणी होतं. निळ्यात अर्क. लोक ताकदीसाठी खातात, आणि इथे नरांचं बीजच आटलं." मग त्यांनी झाडाचं नाव सांगितलं. घरच्या डब्यावर तेच नाव होतं.

चार वर्षं! सकाळ-संध्याकाळ, चमचाभर!

रविवारी साडू नवा डबा घेऊन हजर. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. यानं डबा परत त्याच्याच हातात ठेवला. "आता तुम्हीच घ्या, साडूबुवा. तीन पोरांमागे धावायचं म्हणजे ताकद लागणार. दोन वेळा, चमचाभर."

साडूनं खुशीत डबा पिशवीत टाकला. याला वाईट वाटलं, पण जरासंच.

"आणि तुम्ही काय घेणार?" बायकोनं विचारलं.

"मला पाणी पुरतं," हा म्हणाला.