पांढऱ्या साडीतली ऊब

सगुणाबाईंना थंडी का वाजत नाही, हा प्रश्न मला त्या हिवाळ्यात पडला. म्हाताऱ्या माणसाला असले प्रश्न पडतात, कारण वेळ असतो. पण माझ्या प्रश्नामागे चांगुणाची, म्हणजे माझ्या बायकोची, अडचण होती.

आमच्या कॉलनीतल्या विहारात पौर्णिमेची वंदना सकाळी साडेसहाला होते. बायका पांढऱ्या साड्या नेसून डाव्या बाजूला बसतात, पुरुष उजव्या. चांगुणाची साडी त्या सगळ्यांत उठून दिसते. आदल्या दिवशी ती साडीला खळ देते, अर्धवट ओली असताना इस्त्री करते आणि पदराच्या निऱ्या अशा घालते की वंदना संपेपर्यंत एक हलत नाही. पूर्वी कुणी बाई हिरवा नाहीतर जांभळा स्वेटर घालून आली की चांगुणा हळूच म्हणायची, "काय गं, इथून बाजारात जायचंय का?" तिच्या या बोलण्याने सगळ्यांचे स्वेटर घरी राहिले.

मागच्या जानेवारीत तिलाच न्यूमोनिया झाला. पाच दिवस दवाखान्यात काढले. यंदा दिवाळी झाली तशी आमची सून उज्वला, जी स्वतः नर्स आहे, तिने स्पष्ट सांगितलं, "आई, स्वेटर घातल्याशिवाय होळीपर्यंत पहाटेचं बाहेर पडायचं नाही."

तिने पांढरा स्वेटरही आणून दिला. चांगुणाने तो साडीवर घातला, आरशासमोर उभी राहिली आणि काढून ठेवला.

"कापसाचा गठ्ठा दिसते मी," ती म्हणाली. "पदर कुठं गेला तेच कळंना."

शाल घेऊन पाहिली. वंदनेत तीनदा पुढे वाकून जमिनीला कपाळ टेकवावं लागतं. दर वेळी शाल डोक्यावरून पुढे येई आणि दोन्ही हात जोडलेले असल्याने ती सावरता येईना. मार्गशीर्ष पौर्णिमेला ती गेलीच नाही. मी एकटा गेलो. परत आलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती. "कोण कोण आलं होतं?" एवढंच विचारलं. मी नावं सांगितली. सबंध दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

सगुणाबाई मात्र आल्या होत्या. वय पंचाहत्तर. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, अंगाने काडीसारख्या. ना स्वेटर, ना शाल, ना पायात मोजे. पांढरी साडी, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर थंडीचं नाव नाही. बाकीच्या बायका हात काखेत घालून बसल्या होत्या. निफाडला पारा पाच अंशावर उतरल्याचं त्याच दिवशी पेपरात होतं. नाशिकरोडला आमच्याकडेही काही फार वेगळं नव्हतं.

मी कारभारीला विचारलं. तो विहाराची किल्ली सांभाळतो.

"अरे, ती इगतपुरीला दहा दिवस साधनेला बसून आलीय," तो म्हणाला. "एकदा नाही, तीनदा. अशा माणसाला थंडी कशी लागंल?"

"बसल्याने थंडी जाते?"

"तुझी नाही जायची. तू बसल्या बसल्या घोरतोस."

मग मी थेट सगुणाबाईंनाच गाठलं. बाईमाणसाला, तुम्ही साडीच्या आत काय घालता, असं विचारता येत नाही. मी म्हणालो, "थंडी फार पडली यंदा."

"श्वासाकडे लक्ष ठेवलं की जाणवत नाही, दादा," त्या म्हणाल्या आणि आपलं आसन पिशवीत घालून निघाल्या. ते जाड आसन त्या घरून आणायच्या आणि घरी न्यायच्या. दुसऱ्या कुणाला उचलू द्यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर नुसत्या सदऱ्यात बसून श्वासाकडे लक्ष ठेवलं. पाच मिनिटांत श्वास सोडून फक्त शिंकाच मोजाव्या लागल्या. मी खाली आल्यावर उज्वलाने काढा दिला आणि काय उद्योग चालले आहेत ते विचारलं. मी सांगितलं नाही.

पौष पौर्णिमा जवळ आली तेव्हा मला माझी जुनी युक्ती आठवली. मी रेल्वेत गँगमन होतो. मनमाड ते नांदगाव या पट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे रूळ तपासत चालायचो. उघडं रान, समोरून वारा. आम्ही सगळे शर्टाच्या आत छातीला आणि पाठीला वर्तमानपत्राच्या घड्या लावायचो. वारा आत शिरत नाही, अंगाची ऊब बाहेर जात नाही. अक्षरओळख मला फार उशिरा झाली, त्यामुळे कित्येक वर्षं वर्तमानपत्राचा एवढाच उपयोग मला ठाऊक होता.

चांगुणाला ते पटलं. कागद बाहेरून दिसत नाही, हे तिला सगळ्यात आवडलं. उज्वलाही तयार झाली, पण तिने अट घातली.

"मी नाइट करून आठला येते. आल्या आल्या तुमचे हात बघणार. गार लागले तर या हिवाळ्यातली ही शेवटची वंदना. चालेल?"

"चालंल," चांगुणा म्हणाली.

मी स्वतः घड्या घातल्या. चार पानं पाठीला, चार छातीला, वरून ब्लाउज. साडी नेसून ती आरशासमोर वळून वळून पाहत होती. निऱ्या चापून बसलेल्या. "ऊब लागतीय हो," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

विहारापर्यंत सगळं ठीक होतं. रस्त्यावर रिक्षा, दुधाच्या गाड्या, आवाज होता. आत शांतता होती. सगळे उभे राहिले, हात जोडले, आणि पहिल्या वंदनेला वाकले.

खस्स.

मी उजव्या बाजूने ऐकलं. रुळावर चालताना कागद वाजतो की नाही हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. तिथे वारा होता, खडी होती, बुटांचा आवाज होता. ही गोष्ट माझ्या डोक्यात त्या क्षणी आली, आणि तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्यांदा सगळे वाकले. खस्स. तिसऱ्यांदा चांगुणा अगदी सावकाश वाकली, त्यामुळे आवाज लांबला.

त्रिशरण, पंचशील झालं. मग दहा मिनिटं ध्यान. कुणी हलत नव्हतं. चांगुणाही हलत नव्हती, पण माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. खस. खस.

कारभारीने एक डोळा उघडला. मग दुसरा. तो उठला आणि चवड्यांवर चालत पुस्तकांच्या कपाटापाशी गेला. कपाटाखाली वाकून पाहिलं, सतरंज्यांच्या ढिगाला कान लावला, मग हातात झाडू घेऊन तिथेच दबा धरून बसला. बायकांच्या रांगेत दोघी-तिघींनी पाय साडीखाली ओढून घेतले. चांगुणाचे कान लाल झालेले मला इतक्या लांबून दिसत होते.

वंदना संपली. "उंदीर झालाय," कारभारीने जाहीर केलं. "पिंजरा लावावा लागंल." लोक बोलत बोलत बाहेर पडले. तोही पिंजरा कुणाकडे आहे ते विचारत गेला. चांगुणा उठली नाही. उठली असती तर आवाज झाला असता. मी चपला घेऊन दाराशी थांबलो. हॉलमध्ये आता ती होती आणि तिच्या मागच्या रांगेत सगुणाबाई. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"चांगुणा," सगुणाबाई म्हणाल्या, "ब्लाउजखालून कागदाचं टोक बाहेर आलंय."

चांगुणाने हात मागे नेला, टोक आत खुपसलं आणि मान खाली घातली. "हे मालकांचं डोकं," ती म्हणाली. "मी आता यायची नाय, बाई. उज्वला म्हणते तसं होळीनंतर येईन. मला तुमच्यासारखं बसता येत नाय. मला थंडी वाजते."

सगुणाबाई सरकत पुढे आल्या, चांगुणाचा हात धरला आणि आपल्या पदराआड पाठीवर ठेवला.

"काय लागतंय?"

चांगुणाने चाचपलं. "जाड आहे."

"बंडी आहे. जुन्या पांढऱ्या साड्यांचे पाच थर आणि मध्ये फलालीन. गोधडीचा टाका घातलाय, अगदी जवळ जवळ, म्हणजे फुगत नाही. वरचा ब्लाउज दोन बोटं सैल शिवायचा. खाली परकराच्या आत लोकरीची पायजमी."

"आणि पाय? पाय उघडे असतात तुमचे."

सगुणाबाईंनी दाराकडे पाहिलं. मी खांबाआड झालो. त्यांनी मांडीखालचं आसन थोडं उचललं. "आत गरम पाण्याची पिशवी आहे."

चांगुणा हसायला लागली. हसली तशी अंगावरची आठही पानं वाजू लागली आणि मग सगुणाबाईंनाही हसू आवरेना.

"अहो पण सगळे म्हणतात, इगतपुरीला बसून आल्यात म्हणून..."

"इगतपुरीला पहिल्या दिवशीच मी एवढी कुडकुडले की मला दोन घोंगड्या द्याव्या लागल्या. परत आल्यावर बंडी शिवली. मग कुणीतरी म्हणालं, साधनेचा गुण आहे. मी नाही म्हटलं नाही. पुढच्या वेळी आणखी दोघींनी म्हटलं. आता सात वर्षं झाली. अंगणवाडीत होते तेव्हा मला कुणी एवढं मानलं नव्हतं गं."

"मग मला का सांगितलंत?"

"तू यायची नाहीस म्हणालीस म्हणून. कारभारीला कळू देऊ नकोस."

उज्वला आठला आली. चांगुणाचे हात तिने दोन्ही हातांत घेतले. ते गार नव्हते. पण कागदाची गोष्ट पुन्हा चालणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्याच दुपारी चांगुणाने ट्रंक उघडली आणि विरलेल्या पांढऱ्या साड्या बाहेर काढल्या. पुढचे चार आठवडे सगुणाबाई दुपारी आमच्याकडे येत होत्या. मी आत गेलो की शिवण उशीखाली जात असे, आणि मीही काही दिसलं नाही असा चेहरा करत असे. एकदा मात्र न राहवून विचारलं, "पाच थरच का? सहा का नाहीत?"

"सहा केले की पाठीला पोक दिसतं," सगुणाबाई म्हणाल्या. मग आपण कुणाशी बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"दादा, तुम्ही खांबाआड होता का?"

मी होतो म्हणालो. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि माझ्यासमोरच शिवायला बसल्या. त्या दिवसापासून उशीची गरज राहिली नाही.

माघ पौर्णिमेला धुकं होतं. चांगुणा पहिल्या रांगेत बसली. तीनदा वाकली, तीनदा उठली, आणि हॉलमध्ये फक्त वंदनेचे शब्द ऐकू आले. पदराची एक निरी हलली नव्हती.

घरी आलो तर उज्वला नुकतीच स्कूटरवरून उतरली होती. नाकाचा शेंडा लाल, बोटं आखडलेली. तिने हात पुढे केला. चांगुणाने आपले दोन्ही हात तिच्या हातांत दिले.

"गरम आहेत," उज्वला म्हणाली.

तपासणी झाली होती, पण तिने हात सोडले नाहीत. तशीच उभी राहिली, बोटं जरा मोकळी होईपर्यंत. मग चांगुणाच्या पाठीवर हात ठेवला, बंडी चाचपली, एका टाक्यावरून दुसऱ्या टाक्यावर बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "युनिफॉर्मच्या आत बसेल का हे?"

"बसंल की," चांगुणा म्हणाली. "सरळ उभी राहा. माप घेते."